फुल बॉडी सिगार: गरगरणं वेगळं आणि चव वेगळी

प्रश्न थोडक्यात असा की भावाने दुबईहून येताना होया दे निकाराग्वा कंपनीच्या ‘आंतान्यो १९७०’ सिगार आणल्या, रोबस्टो म्हणजे आखूड-जाड मापाच्या, त्यातली पहिली गॅलरीत बसून पेटवली तर निम्म्यावर येईपर्यंत घाम फुटला, डोकं गरगरायला लागलं आणि जिभेला मिरीशिवाय काही कळलं नाही. मग रिव्ह्यूवाले कोको, चामडं, भाजलेली कॉफी कुठून आणतात, आणि उरलेल्या ओढायच्या की कोणाला देऊन टाकायच्या?

गरगरण्याचं आधी सांगतो कारण त्यात सिगार बिघडलेली वगैरे काही नाही. आंतान्यो मुद्दामच दणकट बनवलेली आहे. होया दे निकाराग्वा ही निकाराग्वातल्या एस्तेलीची १९६८ सालची सिगार फॅक्टरी, त्या देशातली सगळ्यात जुनी, आणि या सिगारमध्ये रॅपर (बाहेरचं पान), बाइंडर (त्याच्या आतलं, भरण बांधणारं पान), फिलर (आतलं भरण) सगळं पान निकाराग्वाचंच. फिलरमध्ये लिगेरो भरपूर. लिगेरो म्हणजे झाडाच्या शेंड्याकडची पानं, ऊन सगळ्यात जास्त खाल्लेली, जाड, तेलकट, निकोटिन ठासून भरलेली. ती हळू जळतात म्हणून वळणारा कारीगर ती बरोबर मधोमध ठेवतो, एका बाजूला सरकली तर सिगार वेडीवाकडी जळत जाते. त्यात सिगारचा धूर अल्कलाइन असतो, त्यामुळे तुम्ही छातीत नाही घेतला तरी निकोटिन तोंडातूनच रक्तात उतरतं. (आणि छातीत घेत नाही म्हणजे सेफ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर सिगारनेही होतो.) तुम्ही रिकाम्या पोटी बसलात, त्यात सिगरेटची सवय असल्यामुळे झुरक्यावर झुरके मारले असणार, मग दुसरं काय होणार. पुढच्या वेळी नीट जेवून बसा, दोन झुरक्यांत मिनिटभर तरी जाऊ द्या, आणि गरगरलं की हट्ट न करता खाली ठेवा, सरबत प्या नाहीतर गुळाचा खडा तोंडात टाका, थोड्या वेळात उतरतं.

आता मुख्य मुद्दा. स्ट्रेंग्थ, बॉडी आणि चव या तीन गोष्टी लोक एकाच पोत्यात भरतात आणि तिथेच सगळा गोंधळ होतो. स्ट्रेंग्थ म्हणजे निकोटिनचा दणका, तो डोक्याला आणि पोटाला कळतो. बॉडी म्हणजे धूर तोंडात किती भरीव लागतो ते, साय काढलेलं दूध आणि म्हशीचं निरसं दूध यात जो फरक असतो तोच. चव ही तिसरीच गोष्ट. आपल्याकडचा त्रिचीचा चिरूट घ्या, दणका चांगला देतो पण धूर मला तरी पातळच वाटतो. उलट काळंभोर मादुरो रॅपर, म्हणजे जास्त मुरवून गडद केलेलं पान, बघून लोक घाबरतात आणि ती बऱ्याचदा गोडसर, अंगाला सोसणारी निघते. रंगावर जाऊ नका. आंतान्योत स्ट्रेंग्थ आणि बॉडी दोन्ही वरच्या टोकाला आहेत, म्हणून नवख्याला फक्त दणकाच आठवतो आणि चव मागे राहते.

चव पकडायची तर पेटवायच्या आधीपासून सुरुवात करा. टोपी, म्हणजे तोंडात धरायचं बंद टोक, कापल्यावर न पेटवता दोनचार वेळा ओढून बघा, कोरड्या पानाचा, मनुक्यासारखा काहीतरी वास येतो आणि ड्रॉ, म्हणजे ओढताना हवेची वाट, मोकळा आहे का तेही समजतं. मग पेटवा, घाई नको, ज्योत पानाला टेकवायची नाही. सिगारचे तीन भाग धरले तर पहिला भाग मिरीचाच जाणार, एस्तेलीच्या पानाचा स्वभावच तो, त्यावरून काही ठरवू नका. खरी परीक्षा मधल्या भागात. इथे एक गोष्ट शिकून घ्या, रेट्रोहेल. तोंडातला बराचसा धूर बाहेर सोडायचा आणि राहिलेला थोडासा, चौथाई म्हणा, नाकातून हळूच काढायचा, छातीत ओढायचा नाही. पहिल्यांदा नाक झणझणेल, डोळ्यात पाणी येईल, पण आपण चव म्हणतो त्यातला मोठा हिस्सा वासाचा असतो आणि जीभ एकटी ते काम करू शकत नाही. तुम्हाला कोको लागला नाही याचं निम्मं कारण हेच. आणि कोकोच लागला पाहिजे असंही नाही हो, मला मधल्या भागात खरपूस भाजलेल्या शेंगदाण्याची सालं आणि कडू कॉफी लागते, तुम्हाला लागेल ते तुमच्या शब्दांत लिहा. सोबत साधं पाणी ठेवा, व्हिस्की-बिस्की चव ओळखीची झाल्यावर.

बाकी जोखायचं म्हणाल तर मी एवढंच बघतो: तिन्ही भागांत चव बदलते की शेवटपर्यंत एकच रडगाणं, झुरका सोडल्यावर तोंडात काय आणि किती वेळ राहतं, आणि शेवटच्या भागात नुसती कडू होते का. कडू झाली तर आधी आपला वेग तपासा, भराभर ओढून तापवलेली कुठलीही सिगार कडू लागते. राख लांब टिकली, पांढरी पडली याचं लोक फार कौतुक करतात, फोटो छान येतो, त्यापलीकडे मी त्याला मार्क देत नाही.

एक शंका मात्र आहे, ठेवल्या कुठे होत्या? पावसाळ्यात मुंबई-कोकणात उघड्यावर राहिलेली सिगार पाणी पिऊन फुगते, ड्रॉ आवळतो, सारखी विझते, मग माणूस जोर लावून ओढतो आणि ती अजून तापते. पुण्या-नागपूरकडे एप्रिल-मेमध्ये उलटं, रॅपरला तडे जातात आणि धूर घशाला चिरत जातो. उरलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ६५ टक्के आर्द्रता राखणाऱ्या ह्युमिडिटी पाकिटासोबत दोनतीन आठवडे विसरून जा, डबा घरातल्या सगळ्यात गार कपाटात ठेवा कारण उष्म्यात तंबाखूचा किडा अंडी फोडून बाहेर येतो आणि रॅपरला टाचणीएवढी भोकं पाडतो. साधा फ्रिज नको, तिथे सुकतात आणि कालच्या भाजीचा वास पितात.

देऊन टाकू नका. आधी एखादी मिडियम दणक्याची सिगार ओढून नाक तयार करा, मग रविवारी दुपारच्या जेवणानंतर यातली दुसरी काढा, अंगावर येतेय वाटलं तर निम्म्यावर सोडा. फक्त ती विझलेली अर्धी उद्यासाठी जपून ठेवायची नाही, सकाळी पेटवली तर ॲशट्रे चाटल्यासारखं लागेल आणि परत येऊन आंतान्योला शिव्या द्याल.