‘हे माझ्याकडचं नाही’ म्हणणारा माणूस शोधा

प्रश्न: माझी नणंद पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे, म्हणजे तिच्या माहेरी आली आहे. बाळ आता दोन महिन्यांचं आहे. बाळंत झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिची झोप उडाली. रात्रभर उठून बसते, एकटीच बोलते, दुधाला विषाचा वास येतो म्हणते. ‘हे माझं बाळच नाही, बदललंय’ असंही एकदा म्हणाली. तालुक्याच्या डॉक्टरांनी साताऱ्याला पाठवलं. तिथल्या गोळ्या आठ दिवस घेतल्या. मग शेजारणींच्या सांगण्यावरून सासूबाई तिला एका देवऋषीकडे घेऊन गेल्या. पहिल्या खेपेला त्यानं नारळ आणि 101 रुपये घेतले. मग उताऱ्याचे 5,100 घेतले. आता म्हणतो, शेजारच्या विधवा चुलतीनं करणी केलीय, घरात पुरलेलं काढायला 41,000 लागतील. ‘गोळ्या आणि देवाचं, दोन्ही चालत नाही’ म्हणून गोळ्याही बंद करायला लावल्या. येत्या अमावस्येला तिला एकटीला रात्रभर बैठकीला ठेवायचं म्हणतो. माझी देवावर श्रद्धा आहे आणि सासूबाईंचं मन मोडवत नाही. आमच्या गावच्या मठात एक आजी असतात. त्या नुसता अंगारा लावतात, काही घेत नाहीत. खरा जाणकार ओळखायचा कसा? आणि सासूबाईंना काय सांगू?
– एक सून, कराड तालुका

उत्तर: ताई, ओळखायचं कसं ते सांगते, पण आधी तातडीचं. त्या बैठकीला नणंदेला पाठवू नका. ‘सासूबाई सोबत जातील’ अशी तडजोडही नको. आणि अमावस्येची वाट न बघता, हा अंक हातात पडेल त्याच दिवशी तिला परत साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात न्या. तुम्ही लिहिलेली लक्षणं बाळंतपणानंतर येणाऱ्या एका तीव्र मानसिक आजाराची असू शकतात. हजार बाळंतिणींत एकी-दोघींना तो होतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो आणि उपचारानं बरा होतो. निदान डॉक्टर करतील. ते रक्त तपासतील, थायरॉइड तपासतील. गोळ्या बंद केल्या होत्या हे त्यांना स्पष्ट सांगा, रागावतील म्हणून लपवू नका. बाळ अंगावर पितं हेही सांगा, म्हणजे औषध त्या हिशेबानं देतील. तोवर बाळ आणि ती दोघंच खोलीत राहणार नाहीत एवढं बघा. तिला दोष देऊ नका. ती मुद्दाम काही करत नाहीये. रात्री-अपरात्री हाताबाहेर गेलं तर 108 ला फोन करा. नुसतं बोलून विचारायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो. फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

आता तुमचा प्रश्न. मी मनोरुग्णालयाच्या समाजसेवा विभागात नोकरी करून निवृत्त झाले, आणि मी माळकरी आहे. या दोन्ही गोष्टी माझ्यात कधी भांडल्या नाहीत. आमच्या ओपीडीत येणाऱ्या पेशंटच्या दंडाला काळा दोरा असायचा, खिशात लिंबू असायचं, गळ्यात ताईत. आमचे मोठे डॉक्टर नव्या मुलांना बजावायचे, ‘दोऱ्याला हात लावू नका. तो त्यांच्या आईनं बांधलाय.’ पण ज्यांच्या पाठीवर चटक्यांचे डाग असायचे, मिरच्यांच्या धुरीनं डोळे सुजलेले असायचे, ती माणसंही त्याच ओपीडीत बघितली आहेत. दोघंही ‘बाहेरचं बघणाऱ्या’कडूनच आलेली. म्हणून सगळ्यांना एका मापानं मोजू नये असं मी म्हणते.

भोर तालुक्यात एक म्हातारे गृहस्थ होते. गुरुवारी दत्ताच्या देवळात बसायचे, अंगारा लावायचे. त्यांनी पाठवलेली माणसं आमच्याकडे यायची. फिट येणारा मुलगा नेला की ते डोक्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, ‘हे माझ्याकडचं नाही, दवाखान्यातलं आहे. औषध सुरू करा, मग दर्शनाला या.’ घरच्यांनी आमचं ऐकलं नसतं, पण त्यांचं ऐकलं. खऱ्या माणसाची खूण मला त्यांच्यात दिसली. आपला हात कुठवर पोचतो हे त्याला कळतं आणि ते सांगायची त्याला लाज वाटत नाही.

तुमचा देवऋषी नेमकं उलटं सांगतोय. गोळ्या बंद करायला लावणं ही एकच गोष्ट त्याच्याकडे पाठ फिरवायला पुरेशी आहे. बाकी काही तपासायचीही गरज नाही. देवाला गोळीची अडचण होत नाही. अडचण त्या माणसाला होते, कारण गोळीनं बरं वाटलं तर त्याची गादी कशी चालायची? यात आणखी एक मेख आहे. या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आठ दिवस गोळ्या घेऊन माणूस देवऋषीकडे गेला आणि थोडी झोप लागू लागली, तर नाव अंगाऱ्याचं होतं. शिवाय काही आजार भरती-ओहोटीसारखे कमी-जास्त होतात, आणि माणूस बघणाऱ्याकडे जातो तो भरतीच्या वेळी. पुढे आजार आपसूक उतरतो तेव्हा ‘गुण आला’ म्हणतात.

पैशाचं बघा. 101, मग 5,100, आता 41,000. दर खेपेला बाधा मोठी होत गेली आणि तिच्याबरोबर आकडाही. खरा माणूस दक्षिणा ठरवत नाही, आणि तुमची भीती वाढवून तर नाहीच नाही. सासूबाईंना विचारा, तिथून परत येताना मन हलकं होतं की धास्ती वाढते? मठातल्या आजींकडून येताना काय वाटतं? हे त्यांचं त्यांनाच बोलू द्या.

‘पुरलेलं काढतो’ म्हणणाऱ्यांची रीत जुनी आहे. त्यांचा माणूस आधी घराभोवती फिरून काहीतरी पुरून जातो, किंवा बाहुली, बिब्बा, टाचण्या टोचलेलं लिंबू बाहीतून खड्ड्यात पडतं. लिंबू कापल्यावर रक्त निघतं, कारण सुरीला जास्वंदीचा रस लावलेला असतो आणि लिंबाच्या आंबटपणानं तो लाल होतो. नारळ आपोआप पेटतो, कारण शेंडीत सोडियमचा तुकडा दडवलेला असतो आणि त्यावर पाणी शिंपडतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हे शाळाशाळांतून करून दाखवतात. सासूबाईंना पटत नसेल तर साताऱ्यात या समितीचं काम मोठं आहे, त्यांना घरी बोलवा. माणसं सौम्य बोलतात, देव्हाऱ्याला हात लावत नाहीत.

मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्या चुलत सासूबाईंची वाटते. करणीचं बोट फिरत फिरत येतं आणि एकट्या बाईवरच थांबतं. विधवा, नवऱ्यानं टाकलेली, मूल नसलेली. हे पत्र लिहिताना तुम्ही त्यांचं नाव घेतलं नाहीत, फार बरं केलंत. गावातही घेऊ नका, आणि कुणी घेतलं तर तिथल्या तिथे तोडा. अशा एका शब्दानं बायांना मारहाण झालीय, गाव सोडावं लागलंय. असं कुणाला करणी करणारी ठरवणं आपल्या राज्यात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळानं मंजूर केला. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. भूत उतरवायच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चपलेचं पाणी पाजणं, कुत्रा-साप चावल्यावर दवाखान्यात न नेता गंडादोरा करणं, अलौकिक शक्तीच्या नावानं शरीरसंबंध ठेवणं, हे सगळं त्यात आहे. आणि सासूबाईंना हेही सांगा की वारी, भजन, कीर्तन, पूजा, प्रदक्षिणा यांना हा कायदा हात लावत नाही. ‘आमचा देव बंद करायला निघालेत’ ही भीती त्यांच्या मनात कुणीतरी घातली असेल.

रात्री एकटीला ठेवण्याबद्दल जास्त लिहीत नाही. आपण बायका आहोत, आपल्याला कळतं. ज्या विधीला घरचं माणूस चालत नाही, तो विधी आपल्याला चालत नाही, एवढंच त्या माणसाला सांगा.

सासूबाईंशी बोलताना ‘अंधश्रद्धा’ हा शब्द काढू नका. त्या लेकीच्या जिवासाठी दारोदार फिरताहेत. त्यांना मेहसाणा जिल्ह्यातल्या उनाव्याची गोष्ट सांगा. गुजरातमध्ये तिथे मीरा दातारचा दर्गा आहे, बाधा झाली म्हणून लांबलांबून लोक येतात. तिथल्या मुजावरांना मानसिक आजार ओळखायला शिकवलं आणि दर्ग्यावरच मानसोपचाराचे डॉक्टर बसू लागले. मुजावर दुआ करतात आणि औषधाला पाठवतात. ‘दवा आणि दुआ’ असंच त्या कामाला म्हणतात. आणि तमिळनाडूतल्या एरवाडीची गोष्टही सांगावी लागली तर सांगा. तिथे दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणाऱ्या एका झोपडीवजा आश्रमाला 6 ऑगस्ट 2001 ला आग लागली आणि 28 मनोरुग्ण होरपळून गेले. साखळ्यांनी बांधलेले होते, पळता आलं नाही. आता 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे.

मठातल्या आजींकडे जरूर जा. आधी दवाखाना, येताना मठ. त्यांनाच विनंती करा की सासूबाईंना एवढं सांगा, ‘गोळी चुकवू नको, मी अंगारा लावते.’ तुमच्या वर्णनावरून वाटतं, त्या सांगतील. नाही सांगितलं, औषधाला नावं ठेवली, तर पैसे घेत नसल्या तरी त्यांच्याकडचंही जाणं थांबवा.

प्रश्न: आमच्याकडे कावीळ उतरवणारे एक काका आहेत. हाताला काहीतरी लावून चुन्याच्या पाण्यानं हात धुतात, पाणी पिवळं होतं. गळ्यात माळ घालतात, ती रोज वाढते. पैसे घेत नाहीत. लोक बरे होतात. मग चूक काय?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर: काका भले असतील, मी त्यांना लबाड म्हणणार नाही. पण आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस हाताला लावून चुन्याच्या पाण्यात हात बुडवला तर तुमच्या-माझ्या हाताचंही पाणी पिवळं होतं. कावीळ नसताना करून बघा. माळेतल्या ओल्या काड्या वाळून बारीक होतात, दोऱ्याचे वेढे सैल होतात, माळ लांबते. दूषित पाण्यातून होणारी बरीच कावीळ काही आठवड्यांत आपोआप उतरते, म्हणून लोक बरे होतात. पण कावीळ पित्ताच्या नळीत खडा अडकूनही होते, कर्करोगानंही होते, आणि बाहेरून सगळ्या सारख्याच पिवळ्या दिसतात. गरोदर बाईला कावीळ झाली तर एक दिवसही काकांकडे घालवू नका. हेपॅटायटिस ई, म्हणजे दूषित पाण्यातून होणारी एक कावीळ, तिच्या जिवावर बेतते, शेवटच्या तीन महिन्यांत तर फारच. पेशंट गुंगीत जाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, उलटीत रक्त दिसलं, तर तसाच उचलून दवाखान्यात. काका खरोखर भले असतील तर त्यांना एकच विनंती करा, माळ घालायच्या आधी रक्ताचा रिपोर्ट मागत जा.

प्रश्न: ऑनलाइन ‘हीलर’ बाईंकडून दूरस्थ उपचार घेते. पैसे फोनवरून पाठवते. आता त्या ‘ऊर्जेचा अडथळा’ बघायला अंगावरचे फोटो मागताहेत. घरी कुणाला माहीत नाही.
– नाव नको, पुणे

उत्तर: फोटो पाठवू नका. पाठवले असतील आणि त्यावरून पैसे मागितले जात असतील, तर आणखी एक रुपयाही देऊ नका, कारण दिल्यावर मागणी वाढते. सगळे संदेश आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी जपून ठेवा, काही पुसू नका, आणि 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. त्याआधी घरातल्या एका माणसाला सांगा. आई, बहीण, मैत्रीण, जिच्यासमोर रडता येईल ती. तुम्ही उपचार कशासाठी सुरू केले होते ते पत्रात नाही. मला वेगळं लिहून कळवा, पत्र छापणार नाही.