म्युलर हे जर्मन आडनाव कुठून आलं आणि एवढी माणसं म्युलर कशी?

तुम्ही विचारलंय की ऑफिसच्या जर्मन टीममध्ये सातपैकी तिघं म्युलर आहेत, ते एकाच घरातले की काय, आणि या आडनावाचा अर्थ तरी काय. पहिल्या शंकेचं उत्तर सोपं आहे. आपल्या ऑफिसात तीन पाटील असले तर आपण त्यांना भाऊ-भाऊ समजतो का? तसंच हे.

मी काही वर्षं दक्षिण जर्मनीत राहिलो, तेव्हा या आडनावाशी माझी रोजची गाठ होती. तिथे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. रस्त्याचं नाव, इमारतीचा क्रमांक आणि तुमचं आडनाव, बस्स. खाली दारापाशी बेलच्या बटणांशेजारी आडनावांच्या पट्ट्या असतात, त्या वाचून पोस्टमन पत्र टाकतो. आमच्या आठ घरांत दोन म्युलर होते, त्यामुळे एकाचं पार्सल दुसऱ्याकडे जाणं हा नेम. दुपारी घरी असणारा मी एकटाच, म्हणून पुष्कळदा दोघांचीही पार्सलं माझ्याकडेच पडून असायची.

म्युलर म्हणजे दळणारा, गिरणीवाला. पण डोळ्यांपुढे आपली विजेची पिठाची गिरणी आणू नका. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली असेल तर ती आठवा. ओढ्याचं पाणी चाकावर सोडायचं आणि त्या जोरावर वर दगडी जातं फिरवायचं. लॅटिनमध्ये जात्याला ‘मोला’ आणि चक्कीवाल्याला ‘मोलिनारिउस’ म्हणत, त्यातून घासत घासत जर्मन ‘म्युलर’ झालं. इंग्रजांचा मिलर, डचांचा मुल्डर, हंगेरियन मोल्नार, इटालियन मोलिनारी ही सगळी त्याच धंद्याची आडनावं. (जर्मनमध्ये ‘म्युल’ म्हणजे कचरा. नव्याने भाषा शिकणारे त्यावरून हमखास विनोद करतात. तुमच्या सहकाऱ्यांनी तो शाळेतच ऐकून झालेला असतो, तेव्हा तुम्ही करू नका.)

आता खरा प्रश्न. चक्कीवाले काही शेतकऱ्यांपेक्षा जास्त नव्हते, मग आडनाव त्यांचंच पहिल्या नंबरावर कसं? मला वाटतं उत्तर उलट्या बाजूने शोधायला हवं. साधारण 12व्या शतकापासून जर्मन शहरं वाढू लागली आणि नुसत्या नावावर भागेना. एकाच गल्लीत चार योहानेस आणि पाच हाइनरिश. मग ओळखायला काहीतरी खूण लागली. गावात सगळेच शेतकरी असताना एखाद्याला ‘शेतकरी योहानेस’ म्हणून काय कळणार? पण चक्कीवाला गावात बहुधा एकच. ‘चक्कीवाला योहानेस’ म्हटलं की चुकायची सोयच नाही. आणि असा एकेक चक्कीवाला जवळपास गावोगाव होता. गावात एकमेव म्हणून चिकटलेली खूण देशभर मिळून सगळ्यात मोठी झाली.

त्यात भर सरंजामी कायद्याची. अमुक गावच्या लोकांनी अमुक जहागीरदाराच्याच चक्कीवर दळायचं, अशी सक्ती कित्येक भागांत होती. चक्कीवाला मजुरी म्हणून पिठातला वाटा काढून घ्यायचा. त्यामुळे त्याच्यावाचून कुणाचं चालायचं नाही आणि त्याच्यावर कुणाचा विश्वासही नसायचा. माप मारतो हा संशय तर पाचवीलाच पुजलेला. काही ठिकाणी विणकर, मेंढपाळ यांच्याबरोबर चक्कीवाल्याच्या मुलांनाही कारागिरांच्या संघात घेत नसत. अशी मनाई करू नये असं 16व्या शतकात तेव्हाच्या जर्मन साम्राज्याच्या फर्मानात लिहावं लागलं होतं. आज ज्या आडनावाकडे कुणी वळूनही पाहत नाही, त्याची ही जुनी पत.

आपल्याकडे सुतार, लोहार, सोनार, कुंभार ही आडनावं आहेत, पण दळणाऱ्याचं नाही. कारण उघड आहे, दळण घरातच व्हायचं. पहाटे जात्यावर बाई बसायची आणि ओव्या म्हणत दळायची. ज्या कामाचा धंदा नाही, त्याचं आडनाव कुठून होणार? (दळवी मध्ये आणू नका, ते ‘दळ’ म्हणजे सैन्यावरून आलंय.) एक मात्र अगदी आपल्यासारखं होतं. पूर्वी जर्मन बायकांच्या आडनावाला शेवटी ‘इन’ लागायचं. म्युलरची बायको म्युलरिन, जशी आपली पाटलाची पाटलीण.

प्रदेशानुसार रूपं बदलतात. उत्तरेकडे म्योलर, दक्षिणेला बव्हेरिया-श्वाबियाकडे मिलर. म्युनिकचं प्रसिद्ध विज्ञान संग्रहालय, डॉइचेस म्युझियम, उभारणारे ऑस्कर फॉन मिलर म्युनिकचेच, इंग्रज नव्हेत. 1876 पासून जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद सगळ्या जर्मनीत सक्तीची झाली आणि तोवर मनाला येईल तसं लिहिलं जाणारं आडनाव त्या त्या स्पेलिंगात गोठलं. अमेरिकेला गेलेले असंख्य म्युलर तिथे मिलर झाले. अमेरिकेच्या 2010 च्या जनगणनेत मिलर सातव्या क्रमांकावर आहे, त्यात या मंडळींचा वाटा मोठा.

लोकप्रियतेचं म्हणाल तर जर्मनीत साधारण 7 लाख म्युलर आहेत, म्हणजे सव्वाशे माणसांत जेमतेम एक. स्वित्झर्लंडमध्येही हेच आडनाव पहिलं. पण इथे एक मेख आहे. दुसऱ्या क्रमांकाचा श्मिट, म्हणजे लोहार, चार-पाच स्पेलिंगांत विखुरला आहे. ती सगळी एकत्र मोजली तर श्मिट पुढे जातो. म्युलरचा पहिला नंबर हा असा थोडासा कारकुनी आहे. त्यांच्यानंतर श्नायडर (शिंपी), फिशर (कोळी), वेबर (विणकर) येतात, म्हणजे पहिले पाचही बलुतेदारांच्या पंगतीतलेच. जर्मनमध्ये ‘लीसशन म्युलर’ म्हणजे कुणीही सामान्य बाई, आपल्या ‘सोम्या-गोम्या’सारखं.

एवढ्या गर्दीत वेगळं दिसायचं कसं, ही म्युलरांची जुनीच अडचण. 15व्या शतकातल्या योहानेस म्युलर नावाच्या गणितज्ञाला जग रेगिओमोंटानुस म्हणून ओळखतं, ते त्याच्या क्योनिग्सबेर्ग या गावाचं लॅटिन रूप. आणि आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे ते संस्कृत पंडित मॅक्स म्युलर. 1823 साली डेसाऊला जन्म, पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक. ‘मॅक्स’ हे त्यांच्या नावातलं एक नाव. नुसतं म्युलर फारच सर्रास आहे म्हणून त्यांनी पुढे ‘मॅक्स’सुद्धा आडनावातच जोडून टाकलं. म्हणजे पुण्या-मुंबईत आपण ज्याला मॅक्स म्युलर भवन म्हणतो, त्यातलं ‘मॅक्स म्युलर’ हे अख्खं आडनाव आहे. त्यांचे वडील विल्हेल्म म्युलर कवी होते, आणि त्यांची एक फार गाजलेली कवितामाला आहे चक्कीवाल्याच्या सुंदर मुलीवर. संगीतकार शूबर्टने तिला चाली लावल्या. आडनावाने म्युलर, विषयही म्युलरिन! मॅक्सचे धर्मपिता होते संगीतकार कार्ल मारिया फॉन वेबर, म्हणजे विणकर.

संस्कृतात लिहिताना मॅक्स म्युलर स्वतःला ‘मोक्षमूलर’ म्हणवत. दळणाऱ्याच्या पोराचं थेट मोक्षाचं मूळ झालं! टिळक 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात होते, तेव्हा मॅक्स म्युलरांनी आपण संपादित केलेल्या ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत तिथे पाठवली, आणि टिळकांच्या सुटकेसाठी सरकारकडे झालेल्या अर्जावरही म्युलरांची सही होती.

उच्चाराचं राहिलंच. ‘म्यु’ म्हणताना तोंडात ‘ई’ म्हणायचं आणि ओठ मात्र ‘ऊ’सारखे गोल ठेवायचे. चार दिवस आरशासमोर करा, जमेल. आणि तुमच्या तिघांना ईमेल लिहिताना नुसतं ‘हेर म्युलर’ (म्हणजे श्री. म्युलर) लिहू नका, पूर्ण नाव घाला. आमच्या इमारतीत शेवटी एका म्युलरबाईंनी बेलच्या पट्टीवर आडनावापुढे स्वतःचं नावही लावलं, तेव्हा कुठे माझी पार्सलं सांभाळायची नोकरी सुटली.