यूएक्सवर (ॲप वापरणाऱ्याला येणाऱ्या अनुभवावर) एक संध्याकाळ ठेवायची आहे, साठ माणसं येतील. तीन व्याख्यानं पुरतील का?

तुमचा बेत थोडक्यात असा: नाशिकमध्ये शनिवारी सहा ते साडेआठ, साधारण ६० जण, त्यात निम्मे प्रोग्रॅमर, थोडे डिझायनर, बाकी विद्यार्थी. एक प्रोजेक्टर, एक माइक आणि लागोपाठ तीन व्याख्यानं.

तीन नकोत, दोनच ठेवा. मधल्या अर्ध्या तासात एखादं ॲप ते कधीच न पाहिलेल्या माणसाला वापरायला द्या आणि सगळ्यांनी ते बघा. ‘युजरचा विचार करा’ हे कितीही वेळा ऐकलं तरी प्रोग्रॅमर मान डोलावतो आणि सोमवारी होतं तेच करतो. आपल्याला ढळढळीत दिसणारं बटण समोरच्याला तीन मिनिटं सापडत नाही, हे बघताना मात्र तो खुर्चीत पुढे सरकतो. या क्षेत्रातला सगळ्यात गाजलेला कार्यक्रमही प्रात्यक्षिकाचाच होता. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत संगणक संशोधक डग्लस एंगलबार्टनं ९० मिनिटांत माउस, हायपरटेक्स्ट (दुव्यांनी जोडलेला मजकूर) आणि दोन ठिकाणांहून एकाच मजकुरावर काम करणं चालू करून दाखवलं, तेही संगणक दूरच्या मेन्लो पार्क गावात ठेवून.

आता मधल्या अर्ध्या तासाचं. त्या माणसाला मंचावर बसवू नका. ६० जणांचे डोळे पाठीवर असले की माणूस चुकायला घाबरतो आणि मग अडखळतो तो ॲपमुळे की लोकांमुळे, हे सांगता येत नाही. शेजारच्या खोलीत तो आणि चाचणी घेणारा असे दोघंच बसवा. हॉलमध्ये फक्त फोनची स्क्रीन आणि दोघांचा आवाज पोचू द्या. हॉलमधलं हसू तिकडे ऐकू जाता कामा नये, हे आधी दार लावून तपासा. हॉलमधले लोक स्क्रीन बघतायत हे त्याला स्पष्ट सांगून लेखी संमती घ्या, मराठीत आणि एका पानात. रेकॉर्डिंग करू नका आणि मानधन द्या.

स्क्रीनसाठी वायफायवरच्या कास्टिंगच्या भरवशावर राहू नका, हॉल भरला की ते अडकतं. अँड्रॉइड फोन केबलनं लॅपटॉपला जोडा आणि एससीआरसीपीवाय (scrcpy, उच्चार ‘स्क्रीन कॉपी’) हे मोफत साधन वापरा. मग लॅपटॉपपासून प्रोजेक्टरपर्यंत लांब एचडीएमआय केबल लागेल, तिची लांबी आदल्या दिवशी मोजा. फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे यूएसबी डीबगिंग आणि ‘शो टॅप्स’ चालू करा. दुसरा पर्याय विसरलात तर बोट कुठे पडलं हे हॉलला कळणारच नाही आणि निम्मी गंमत जाईल. फोन त्या माणसाचा नको, तुमचाच असू द्या आणि खातंही चाचणीपुरतं उघडलेलं. नोटिफिकेशन बंद करा, नाहीतर कुणाचा तरी ओटीपी भिंतीवर चार फूट उंच दिसेल. बँकेचं किंवा पैसे भरण्याचं ॲप निवडूच नका. बरीचशी अशी ॲप्स स्क्रीनची नक्कल अडवतात, त्यामुळे पडद्यावर नुसता काळा चौकोन येतो. काही तर डेव्हलपर ऑप्शन्स चालू असले की उघडतच नाहीत.

कामं तीनच द्या आणि ती सांगताना बटणावरचा शब्द तोंडी येऊ देऊ नका. बटणावर ‘बिल हिस्टरी’ असेल तर ‘बिल हिस्टरी बघा’ म्हणणं म्हणजे पेपर फोडणं. ‘मागच्या मे महिन्यात किती बिल आलं होतं ते मला सांगा’ असं विचारा. सुरुवातीलाच सांगा, ‘आम्ही तुमची नाही, ॲपची परीक्षा घेतोय, जे मनात येईल ते मोठ्यानं बोला.’ तो अडकला की मनात दहा आकडे मोजा आणि मगच ‘आत्ता काय शोधताय?’ एवढंच विचारा. ‘ते वरचं बटण दिसलं का?’ हा प्रश्न नाही, ती मदत झाली. चाचणी ॲप बनवणाऱ्यानं घ्यायची नाही, त्याला गप्प बसवत नाही.

एकाच माणसावरून काय कळणार, असं कुणीतरी विचारेलच. नील्सन आणि लँडाउर या यूएक्स संशोधकांच्या १९९३ च्या हिशोबात एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो. या गणितानं दोन माणसांत ५२ आणि पाचांत ८४ टक्के निघतात. ‘पाच युजर पुरतात’ हे वाक्य इथूनच आलं. पण ३१ ही त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांची सरासरी आहे. तुमच्या ॲपची अडचण दहातल्या एकालाच येत असेल, तर पाच जणांत ती दिसण्याची शक्यता ४१ टक्केच.

सुरुवात मात्र व्याख्यानानं करू नका. सहाचा कार्यक्रम साडेसहाला भरतो. त्या वेळात मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्सच्या १९५४ च्या प्रयोगाची कागदी आवृत्ती खेळा. ए-फोर कागद आडवा धरून दोन उभ्या पट्ट्या छापा. पहिल्या कागदावर पट्ट्यांच्या मध्यांतलं अंतर १६ सेंमी आणि पट्टीची रुंदी १ सेंमी. दुसऱ्यावर अंतर १६, रुंदी ४. तिसऱ्यावर अंतर ८, रुंदी २. जोड्या करा: एकानं पेननं १५ सेकंद डावी-उजवी टिंबं मारायची, दुसऱ्यानं मोजायची. (नंतर टिंबं मोजू म्हणाल तर १ सेंमीच्या पट्टीत नुसता गिचका होतो.) अंतराची दुप्पट भागिले रुंदी, त्याचा दोनच्या पायावरचा लॉगरिदम काढला की काठिण्य मिळतं: अनुक्रमे ५, ३ आणि ३. पहिल्या कागदावर टिंबांचा आकडा कमी येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्यावर जवळपास सारखा येतो. अंतर निम्मं होऊनही फायदा का नाही, हा प्रश्न हॉलमधूनच येतो. छापताना ‘फिट टू पेज’ राहून गेलं तरी बिघडत नाही, सूत्रात फक्त गुणोत्तर आहे. खुर्च्यांना डेस्क नसेल तर ३० पुठ्ठे आणा. यावरून बटणाच्या आकारावर यायला दोन मिनिटं पुरतात: अँड्रॉइडची मार्गदर्शिका ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरच्या मापाचं एकक) सांगते, डब्ल्यूसीएजी २.२ (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे निकष) ची किमान अट २४ सीएसएस पिक्सेलची आहे.

दोन व्याख्यानं प्रत्येकी २० मिनिटांची. ‘यूएक्स म्हणजे काय’ हा विषय टाळा, ते सगळ्यांनी वाचलेलं असतं. एक व्याख्यान मराठीच्या टंकनावर आणि शोधावर ठेवा, असं मला वाटतं. ‘क्षी’ दिसायला एक अक्षर असलं तरी आत चार खुणा आहेत. त्यामुळे बहुतेक ठिकाणी बॅकस्पेस आधी फक्त वेलांटी खातो. ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी साठवता येतो: साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारा जोडक लावून किंवा नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ‘ऱ’नं. दिसायला दोन्ही एकच, पण शोधताना ‘कुऱ्हाडे’ सापडत नाहीत. टाइप केलेला मजकूर साठवताना आणि शोधताना एकाच रूपात आणणं हा त्यावरचा उपाय, आणि तो प्रोग्रॅमरच्याच हातात आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागानं केलेला ‘स्वरचक्र’ कीबोर्ड इथे दाखवता येईल. त्यात व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती चक्रात त्याची बाराखडी दिसते. दुसरं व्याख्यान ॲक्सेसिबिलिटीवर (अपंगांनाही ॲप वापरता येण्यावर) ठेवलंत तर स्लाइड न दाखवता पडदा बंद करून टॉकबॅकनं (अँड्रॉइडच्या, स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या साधनानं) एक फॉर्म भरून दाखवायला सांगा.

स्लाइड मराठीत असतील तर वक्त्यांना आधीच दोन गोष्टी कळवा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. आणि ओळींमध्ये दीडपट जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत घुसतो. फाइल पीडीएफ करून घ्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या लॅपटॉपवर अगम्य चिन्हांचा होतो.

प्रश्नांसाठी माइक फिरवू नका, प्रश्न कमी आणि मनोगतं जास्त येतात. चहाच्या वेळी चिठ्ठ्या वाटा, सूत्रधारानं सारख्या चिठ्ठ्या एकत्र करून आठ-दहा प्रश्न वाचावेत. साडेआठला सांगितलंय तर साडेआठला संपवा, शेवटच्या बसचे लोक चुळबुळत असतात. आणि आवराआवर करताना फोनमधलं यूएसबी डीबगिंग बंद करून चाचणीचं खातं पुसून टाका.