लॉकडाऊनमध्ये किचन ट्रॉलीचं काम बसलं, म्हणून मुलीने या लाइनला जायचंच नाही का?

ताई, नमस्कार. तुमची मुलगी बारावीला, तिला किचन-बाथरूमच्या इंटिरिअरमध्ये जायचंय आणि मिस्टर नको म्हणतायत, कारण 2020 ला नाशिकमध्ये त्यांचं ट्रॉल्यांचं काम ठप्प झालं, कारागीर गावी गेले, अॅडव्हान्स घेतलेल्या ऑर्डरी अडकल्या. त्यांनी ते सोसलंय, त्यामुळे त्यांची भीती मला अगदी पटते.

पण तेव्हा काम संपलं नव्हतं हो, तुंबलं होतं. केंद्राने 20 एप्रिलपासून कंटेनमेंट झोन सोडून प्लंबर-सुतारांना परवानगी दिली होती, तरी कित्येक सोसायट्या गेटवरूनच परत पाठवायच्या. आणि नेमकं तेव्हाच माणसं दिवसभर घरात, तिन्ही त्रिकाळ स्वयंपाक, भांडीवाल्या मावशी बंद, मग ओटा अपुरा पडतो, सिंक छोटंय, एकाच बाथरूमवर सगळे, हे सगळं खुपायला लागलं. डिशवॉशरची मागणी एकदम वाढली. सप्टेंबरपासून राज्याने स्टॅम्प ड्युटी कमी केली, फ्लॅट खपले आणि नवीन फ्लॅट म्हटलं की किचन आलंच. पुढे प्लाय, पाइप महागले आणि जुन्या रेटने कोटेशन दिलेल्यांचं मार्जिन गेलं. मिस्टरांना विचारून बघा, जास्त कशाने मारलं, गिऱ्हाईक नव्हतं म्हणून की हातात पैसा नव्हता म्हणून?

म्हणून माझं स्पष्ट मत, लाखोंची फी भरून डिग्री आत्ता नको. आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल, म्हणजे बांधकामाचे नकाशे काढायला शिकवणारा कोर्स, दोन वर्षांचा आहे तो बघा, नाहीतर साधा इंटिरिअर डिप्लोमा, पण सोबत प्लंबिंग शिकू दे. थ्रीडी चित्र काढणारे भरपूर आहेत, पण डिशवॉशरला पाण्याची लाइन, ड्रेन आणि 16 अँपिअरचा पॉइंट कॅबिनेट बसायच्या आधी काढून घेणारे कमी. बाथरूमच्या टाइल्स लावायच्या आधी वॉटरप्रूफिंगवर पाणी भरून दिवस-दोन दिवस ठेवायचं, खालच्या फ्लॅटचं छत बघून यायचं, मग पुढचं काम, हे साइटवर उभं राहूनच कळतं. आणि पुन्हा तशी वेळ आली तरी नवं किचन लोक पुढे ढकलतील, गळकं बाथरूम नाही ढकलता येत, तिला दोन्ही यायला हवं.

या सुट्टीत तिला मिस्टरांबरोबर साइटवर पाठवा, मापं तिलाच घेऊ द्या, कोटेशनही तिलाच लिहू द्या, त्यात रेट किती दिवस लागू ते लिहायचं. महिन्याभराने मला परत लिहा, तिलाच लिहायला सांगा.