एका दिवसात चार पार्क? काकू, दोनच करा

प्रश्न : ताई, मुलगी-जावई कॅनडात कॅलगरीला असतात, आम्ही दोघं 10 मेला इंदूरहून निघतोय ते जुलैअखेर परत. जावईबापूंना सुट्टी नाही म्हणून त्यांनी एका दिवसाची कोच टूर सुचवलीये. ह्यांचं म्हणणं की बॅन्फ, योहो, कूटनी, जास्पर, चारही नॅशनल पार्क एकदमच उरकून टाकू. माझं वय 66, ह्यांचं 71, माझे गुडघे जेमतेम. 20 मेचं बुकिंग करू का? आणि खाण्याचं काय?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : काकू, आधी काकांना सांगा की नकाशावर ते चार पार्क एकमेकांना चिकटलेले दिसतात (आहेतच, 1984 मधे युनेस्कोच्या यादीत पण एकत्रच गेले) पण कॅलगरी ते जास्पर एका बाजूने चारशे किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे सकाळी राजवाड्यावरून निघून नाशिकला पंचवटीत दर्शन घेऊन रात्री परत राजवाड्यावर. होईल हो, पण बसच्या काचेतून होईल. बॅन्फ आणि योहो हे दोन धरा, जास्परला मुलीबरोबर कधीतरी मुक्कामाने जा.

आणि 20 मे नको. आपल्याला वाटतं इथे 43 डिग्रीत भाजतोय म्हणजे तिकडेही उन्हाळा लागला असणार, पण बॅन्फमधलं लेक लुईस हे तळं साडेसतराशे मीटरवर आहे, बर्फ सुटता सुटता बहुतेक वेळा जून उजाडतो. फोटोत दिसतो ना तो निळा-हिरवा रंग, तो मे महिन्यात नसतोच मुळी, पांढरं मैदान दिसतं. वरच्या हिमनद्या खडकावरून सरकताना तो खडक जात्यात घातल्यासारखा दळतात, बर्फ वितळलं की ते दगडाचं पीठ पाण्याबरोबर तळ्यात येतं आणि खाली न बसता तरंगत राहतं, त्याच्यावर ऊन पडलं की तो रंग. म्हणजे जितकं वितळेल तितकी मजा. तुमच्याकडे जुलै आहे, मग घाई कशाला, जूनचा शेवटचा आठवडा किंवा जुलै घ्या. स्वेटर तेव्हाही लागेल.

बुकिंग करताना एकच गोष्ट खोदून विचारा, कुठल्या स्टॉपला किती मिनिटं. मी गेले तेव्हा आमच्या बसवाल्याने लेक लुईसला 20 मिनिटं दिली, त्यातली 12 मी बाथरूमच्या लाईनीत, तळं पाहिलं ते नंतर ह्यांच्या मोबाईलवर. जाहिरातीत अकरा ठिकाणं लिहिलेली आणि त्यातली निम्मी "उजवीकडे बघा" अशी झाली. कमी ठिकाणं असलेली टूर घ्या. गुडघ्यांची चिंता करू नका, लेक लुईसचा काठ सपाट आहे, योहोतल्या एमराल्ड लेकला पार्किंगमधून उतरलं की तळं समोरच आणि तिथल्याच नॅचरल ब्रिजला (नदीवरचा खडकाचा नैसर्गिक पूल) तर चालावंच लागत नाही.

लेक लुईसहून योहोकडे जाताना मात्र झोपू नका, जेवणानंतर सगळी बस झोपते. किकिंग हॉर्स खिंडीत पाणी वाटलं जातं, अलीकडचं हडसन बेकडे आणि पलीकडचं पॅसिफिककडे. आपल्याला हे नवीन नाही म्हणा, महूजवळच्या जानापावची चंबळ उत्तरेला यमुनेकडे जाते आणि घाटाखालचं पाणी नर्मदेत. मला तर एकदम घरी आल्यासारखं झालं. त्याच उतारावर रेल्वेचे स्पायरल टनेल, म्हणजे गोल फिरणारे बोगदे आहेत, 1909 चे. आधी रुळाला शंभर मीटरला साडेचार मीटर इतका उभा उतार होता, मग डोंगराच्या पोटात दोन वळसे घालून तो निम्म्यावर आणला. अकोल्याला जाणारी आपली छोटी लाईन आठवते का, धुळघाटला गाडी गोल फिरून स्वतःच्याच रुळावरून जायची, अगदी तसंच, फक्त बोगद्यात. नशिबाने मालगाडी आली तर इंजिन एका तोंडातून बाहेर आणि मागचे डबे अजून वर आत शिरतायत. आमच्या बसमधे टाळ्या वाजल्या.

खाण्याचं म्हणाल तर मेथीच्या पुऱ्या, लोणचं आणि आपली सेव, बस्स. पण बाकावर उघडं ठेवू नका आणि खारीला सेवेचा दाणाही टाकू नका, तिथे प्राण्यांना खाऊ घालणं गुन्हा आहे. अस्वल दिसलं तर 100 मीटर लांब, काकांना सेल्फी घेऊ देऊ नका. आणि नर्मदेवरून गोटा उचलून देवघरात ठेवायची आपली सवय आहे ना, ती तिथे चालत नाही, दगड-फूल काहीही उचलायचं नाही.

प्रश्न : जुलैत भावाकडे जातोय. गाडी भाड्याने घेऊन पहाटे पाचला बॅन्फमधला मोरेन लेक गाठला तर पार्किंग मिळेल का?
— एक वाचक, अन्नपूर्णा रोड, इंदूर

उत्तर : दादा, पहाटे तीनला गेलात तरी नाही. 2023 पासून खासगी गाड्या त्या रस्त्यावर सोडतच नाहीत. पार्कची शटल बस नाहीतर टूरची बस, आणि शटलचं आधी बुकिंग लागतं. गाडी लेक लुईसच्या शटल पार्किंगला लावा आणि पुढे बसने जा. तो रस्ता तसाही साधारण जून ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच उघडा असतो, तेव्हा महिना तुम्ही बरोबर निवडलाय.