पाच सेकंदांची भाकरी

प्रश्न : माझा चार वर्षांचा नातू जेवताना निम्मं खाली सांडतो. सूनबाई पडलेलं सगळं टाकून देते. मी म्हणते, पाच सेकंदांत उचलून फुंकर मारली की झालं. अन्न टाकायला जीव होत नाही. कोणाचं बरोबर?
– एक आजी, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : आजी, सेकंद मोजणं आधी सोडा. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाने २०१६ मध्ये नेमकं हेच तपासलं. जंतू सोडलेल्या स्टील, टाइल, लाकूड आणि गालिच्यावर त्यांनी कलिंगड, पाव, लोणी लावलेला पाव आणि चिकट गोळ्या टाकून पाहिल्या. जास्त वेळ पडलं तर जास्त जंतू चिकटतात, हे खरं. पण कलिंगडाला ते एका सेकंदाच्या आतच चिकटले, आणि सगळ्यांत जास्त त्यालाच. ओल असली की जंतूंचं फावतं. फुंकरीने धूळ उडते, जंतू नाही. वर आपली थुंकी पडते ती वेगळीच.

मी तीस वर्षं प्रयोगशाळेत काढली. तरी घरी शहाबादी फरशीवर कडक भाकरीचा तुकडा पडला तर झटकून खाते. तो खडखडीत कोरडा असतो, त्याला फारसं काही चिकटत नाही. शेंगाचटणी सांडली तर मात्र सोडून देते. तिला तेल सुटलेलं असतं, आणि कचकच दाताखाली आली की जेवणाची मजाच गेली. वरणभात, दही, कापलेलं फळ सरळ टाका.

फरशी कुठली, हेही बघा. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, म्हणून एकाच बादलीत मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळं पुसून निघतं. फरशी चकचकीत दिसते, पण मोरीतलं ओट्याखाली आलेलं असतं. रविवारी चिकन धुताना ओघळ खाली गेला असेल तर तिथलं काहीच उचलून खाऊ नका, भाकरीसुद्धा नाही. क्लेमसन विद्यापीठाच्या २००७ च्या प्रयोगात साल्मोनेला हे जुलाबाचे जंतू कोरड्या फरशीवर चार आठवड्यांपर्यंत जिवंत सापडले होते.

घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा केमोथेरपी चालू असलेलं कोणी असेल, तर त्यांच्यासाठी सूनबाईंचाच नियम.

नातवाच्या ताटाखाली मोठी परात ठेवा, घासलेली. परातीत सांडलेलं त्याने वेचून खाल्लं तर सूनबाईंना बोलायला जागा नाही.