पोरं सिनेमाबद्दल बोलतायत? बोलू द्या

प्रश्न : मी जुळे सोलापुरात अभ्यासिका चालवतो. एमपीएससी आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं येतात. बहुतेक मंगळवेढा, मोहोळ, अक्कलकोटकडची, खोली करून राहणारी. गेल्या महिन्यात निकाल लागला आणि एक हुशार मुलगा थोडक्यात राहिला. पुस्तकं टेबलावर तशीच टाकून गावी गेला, आता फोन उचलत नाही. बाकीच्यांना विचारलं तर एकच उत्तर, "काय नाय सर, निवांत." माझा भाऊ म्हणतो, महिन्यातून एक सिनेमा दाखव आणि मुलांना बोलतं कर. प्रोजेक्टर आहे. पण याचा खरंच उपयोग होतो का? कोणते सिनेमे दाखवू? आणि कुणी सगळ्यांसमोर रडलाच तर? मी काही डॉक्टर नाही.
— एक अभ्यासिकाचालक, सोलापूर

उत्तर : प्रोजेक्टर लावायच्या आधी त्या मुलाच्या गावी जाऊन या. टेबलावरची त्याची पुस्तकं पिशवीत भरा, "तुझी राहिली होती" म्हणून हातात द्या आणि चहा घेत तासभर बसा. मार्कांचा विषय तुम्ही काढू नका. रानात एक चक्कर मारून येऊ म्हणा आणि दोघंच असताना सरळ विचारा, "जगणं नको वाटतं का कधी?" असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, हा समज खोटा आहे. उलट कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. तो हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना विश्वासात घ्या आणि तिथूनच 14416 ला फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, 2022 मध्ये सुरू झाली. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. त्याच 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली. त्यात दर 100 मागे सुमारे 72 पुरुष होते आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता. म्हणून म्हणतो, या आठवड्यातच जा.

आता सिनेमा. उपयोग होतो, आणि चांगला होतो. लष्कर भागातल्या एका मंडळाच्या हॉलमध्ये मी यंत्रमागावर आणि टॉवेलच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या मुलांना सिनेमे दाखवत आलोय. "तुला काय वाटतं?" म्हटलं की पोरगं मोबाइल बाहेर काढतं. "जब्या तिथं लपला ते बरोबर केलं का?" म्हटलं की तेच पोरगं खुर्ची पुढं ओढतं. जब्याची बाजू घेऊन भांडता भांडता स्वतःचं कधी सांगून जातं, ते त्यालाही कळत नाही.

जब्या म्हणजे 'फँड्री'तला. नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, त्यामुळे मुलं आधीपासून आपलेपणानं बसतात. जब्याच्या घरचे सगळे डुकरामागं धावतायत, वर्गातली पोरं हसतायत, त्याला आवडणारी शालूही बघतेय आणि जब्या तोंड लपवून आडोशाला उभा. एकदा मी हा प्रसंग संपल्यावर सिनेमा थांबवला. एक दांडगा गडी म्हणाला, "बरोबर केलं बे त्यानं. मी बी लपलो असतो." दुसरा उसळला, "का लपायचं? बाप राबतोय तिथं!" पहिला बराच वेळ गप्प राहिला. मग खाली बघत म्हणाला, "माझी आई विड्या वळायची. कारखान्यात द्यायला जाताना मला संगं न्यायची. रस्त्यात वर्गातलं कुणी दिसलं की मी तिचा हात सोडून पुढं पळायचो." कुणी हसलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. शेजारच्यानं विचारलं, "मग आई काय म्हणायची?" आणि त्यानं सांगितलं. पुढचं जवळजवळ सगळं त्या दोघांनीच एकमेकांना विचारलं. सिनेमाचा उरलेला भाग आम्ही पुढच्या वेळी पाहिला.

तुम्हाला एवढंच जमवायचं आहे, आणि त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. मुलगा जब्याबद्दल बोलतोय तोवर तुम्हीही जब्याबद्दलच बोला. "म्हणजे तुझंही तसंच ना?" असं म्हणून त्याला उघडं पाडू नका, तो पुन्हा येणार नाही. सिनेमा संपल्यावर "यातून आपण काय शिकलो?" हे तर चुकूनही नको. आयुष्यभर वर्गात त्यांनी तेच ऐकलंय. विचारायचंच तर एखादा प्रसंग धरून विचारा.

तुमच्या मुलांसाठी सुरुवात मी 'किल्ला'ने करीन. वडील गेलेले, आईची बदली झाली म्हणून पुण्याहून कोकणात आलेला अकरा वर्षांचा चिन्मय. किल्ल्यावर पाऊस कोसळतो, सोबतची पोरं निघून जातात आणि तो एकटा अडकतो. त्यानंतर त्याचं ते घुम्यासारखं वागणं! गाव सोडून खोलीवर राहणाऱ्या मुलाला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हा प्रसंग झाल्यावर विचारा, "चिन्मय घरी आईला काही का सांगत नसेल?" निकालानंतर घरी फोन न करणारी तुमची मुलं याचं उत्तर तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं देतील.

दुसरा 'व्हेंटिलेटर'. गणपती तोंडावर आलेले, गजाकाका दवाखान्यात, सगळं गणगोत गोळा झालेलं आणि मुलगा प्रसन्नचं बापाशी कित्येक वर्षांचं बिनसलेलं. हसू भरपूर आहे, त्यामुळे मुलं सैलावतात, आणि मग बाप हा विषय निघतो. वेळ हाताशी ठेवा, हा विषय लवकर संपत नाही. पोरं 'सैराट' मागतील. जरूर लावा, पण गाण्यांवर नाचून झालं की शेवटच्या त्या आवाज नसलेल्या प्रसंगानंतर लगेच उठून जाऊ देऊ नका. 'कासव' मला फार मोलाचा वाटतो. आत्महत्येच्या टोकाला गेलेल्या तरुणाची गोष्ट आहे, आणि निर्माते डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. पण तो इतक्यात नको. आत्ता एका मुलाची जखम सगळ्यांसमोर ताजी आहे. मुलं तुमच्याशी नीट बोलू लागली की लावा, आणि विषय काय आहे ते आधी सांगा.

दहा-पंधराजण पुरेत, सक्ती नको. सार्वजनिक खेळाला निर्मात्याची परवानगी लागते, ती घ्या. खुर्च्या गोल मांडा, चहा सिनेमानंतर द्या. हातात कप असला की बोलणं सोपं जातं. मोबाइल मात्र दाराशीच टोपलीत. कुणाचा रडतानाचा व्हिडिओ ग्रुपवर फिरला तर तो मुलगा आणि तुमची अभ्यासिका, दोन्ही गेलं समजा.

कुणी रडला तर रडू द्या. पाणी पुढं करा, शेजारी बसा, "गप गप" म्हणू नका. "पोरीसारखा काय रडतो" असं कुणी म्हणालं तर त्याला तिथंच, शांतपणे पण सगळ्यांना ऐकू जाईल असं अडवा. दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या टेबलाशी जाऊन हळूच विचारा, झोप लागली का, जेवलास का. झोप, भूक, अभ्यासातलं लक्ष असं दोनेक आठवडे बिघडलेलं दिसलं तर आपल्या सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दाखवा. नुसता पत्ता देऊन पाठवू नका, सोबत जा. केसपेपरच्या रांगेतूनच बरीच मुलं परत फिरतात.